चांदणीचा चौथा रविवार

शांतवन, आज सकाळी पुन्हा तेच झालं. पेपर आला, मी उचलला आणि चहा न घेताच गॅलरीतून तुझ्या दारापर्यंत गेलो. चपला काढल्यावर आठवलं. सुमतीवहिनी आत भांडी लावत होत्या. त्यांनी पाहिलं आणि भिंतीला टेकवलेला पाट खाली घातला. मी बसलो नाही. "असाच आलो होतो," म्हणालो आणि चपला हातात घेऊन परत फिरलो. घरी येऊन पेपर वाचला. वाचला म्हणजे अक्षरांवरून डोळे फिरवले. इतकी वर्षं तुला वाचून दाखवायची सवय. तुला सांगितल्याशिवाय बातमी माझ्या अंगातून बाहेरच पडत नाही, आतच फिरत राहते.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुला शिस्तप्रिय म्हणाले. मला हसू आलं आणि मग त्या हसण्याचीच शरम वाटली. शिस्तप्रिय! चाळीतली पोरं शाळेत पोचून प्रार्थना म्हणायला लागायची, तेव्हा त्यांचे ड्रॉइंगमास्तर इथे नळावर कोणाशी तरी गप्पा मारत तोंड धूत असायचे. मी ऑफिसला निघताना ओरडायचो, "अरे, घंटा झाली असेल!" आणि तू म्हणायचास, "झाली असेल तर आता काय घाई?"

त्या सभेत कोणीही तुझ्या कागदी चांदणीबद्दल बोललं नाही. त्यांना माहीतच नव्हती. म्हणून हे लिहायला बसलोय. बसलोय असं म्हणतो खरा, पण दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, वर बघतो, परत येतो. आमची कमल म्हणते, "एका जागी बसून लिहा नाहीतर लिहू नका." तुझ्या नाताळाबद्दल एका जागी बसून लिहिणं मला जमायला हवं होतं. निदान तेवढं तरी.

तुझं नाताळ म्हणजे एक दिवस नव्हता. इथे लालबागला राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मी तुला विचारलं होतं, "नाताळ कधी रे तुमचं?" आणि तू म्हणालास, "सुरू झालं की." बाहेर तर काहीच दिसत नव्हतं. तू गॅलरीत मांडी घालून बांबूची कामटी तासत होतास, एवढंच. नाताळाआधी आगमनाचे चार रविवार असतात आणि प्रत्येक रविवारी चांदणीचं एकच काम करायचं, हा तुझ्या वडिलांचा नेम, नगरकडच्या गावातून आलेला. पहिल्या रविवारी कामट्या तासायच्या. दुसऱ्या रविवारी बांधायच्या. तिसऱ्या रविवारी रद्दी पेपरच्या पट्ट्या कामट्यांवर खळीने गुंडाळायच्या, कारण पतंगी कागद नुसत्या बांबूला धरत नाही. चौथ्या रविवारी रंगीत कागद. सकाळची उपासना आटोपून तुमच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, आलास की कोट खुंटीला, बाह्या वर, आणि गॅलरीत चटई. काम तासाभराचं, पण संध्याकाळपर्यंत पुरवायचास. उरलेला वेळ नुसतं बसायचं. खळ वाळताना बघायची. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. वहिनी आतून चहा द्यायच्या, मग कधी ओल्या खोबऱ्याची वडी, मग पुन्हा चहा.

आणि मी शेजारी पाटावर, पेपर घेऊन.

"आला आमचा रेडिओ," तू म्हणायचास. "लावा बातम्या."

मी वाचायचो. माझा उजवा पाय हलत असायचा, तो मला कधीच कळत नाही. पाट फरशीवर टकटक वाजायला लागला की तू कामावरची नजर न काढता तुझा खळीने चिकट झालेला पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवायचास. "पाय थांबव, गजा. चांदणी हलते." माझ्या कितीतरी धोतरांवर गुडघ्याशी तुझ्या पंजाचे डाग पडले. कमल चिडायची. खळीत तू मोरचूद घालायचास, झुरळांनी खाऊ नये म्हणून, आणि त्याचा निळसर डाग काही केल्या जायचा नाही. यंदाच्या धोतराचा डाग तिने घासलेला नाही.

तू मला कधी पेपर बंद कर म्हणाला नाहीस. एवढंच म्हणायचास, "एक रविवार पेपराशिवाय ये. जग बुडणार असेल तर सोमवारी सांग." मी हो म्हणायचो. दर वर्षी हो म्हणायचो. पण मला नाही जमलं. मला वाटायचं, मी वाचलं नाही तर कुठेतरी काहीतरी निसटेल. कोणीतरी जागं राहायला हवं. तुझ्यासारख्या माणसांनी असं नुसतं बसावं, खळ बघावी, आणि माझ्यासारख्यांनी जगाची काळजी करावी, अशी जणू वाटणीच झालेली. खरं सांगू, मला तुझा थोडा रागही यायचा. आणि हेवा. दोन्ही एकाच वेळी.

यंदाचं वर्ष तर काय सांगावं. तू त्यातच होतास. जानेवारीत गोळीबार झाला आणि खालच्या मजल्यावरच्या रखमामावशीचा वसंता गेला. मोर्च्यात गेला नव्हता. गिरणीतून पाळी संपवून येत होता, गर्दीत सापडला. तुझा विद्यार्थी. चित्रकला सोडून कशातच पास झाला नव्हता, आणि तू म्हणायचास, "याला बाकीचं कशाला हवंय?" त्यानंतर वर्षभर चाळ तापलेली. प्रत्येक जिन्यात संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, झालाच पाहिजे. पाट्या तू रंगवून दिल्यास, सभांना मी गेलो. मग दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्र-गुजरातचं द्वैभाषिक राज्य आलं. त्याच आठवड्यात पोर्ट सैदवर बॉम्ब आणि हंगेरीत रणगाडे. सुएझच्या कालव्यात बोटी बुडवून रस्ता बंद केलेला. आमच्या ऑफिसात बोटींचाच धंदा, त्यामुळे कोणती बोट कुठे अडकली, कोणती आफ्रिकेला वळसा घालून येणार, याच्या तारा दिवसभर. मी त्या तारा डोक्यात घेऊन घरी यायचो. तिसरं महायुद्ध होणार हे मला नक्की वाटत होतं. अजूनही वाटतं.

त्या दिवाळीला चाळीने ठरवलं की आकाशकंदील लावायचे नाहीत. वसंतासाठी आणि निषेध म्हणूनही. ठरवलं म्हणजे आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं. त्यात मी पुढे होतो. तुझ्या घरचा दिवासुद्धा तू लवकर घालवलास. सुमतीवहिनींनी रखमामावशीकडे फराळ नेऊन दिला, कारण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात तळण लावायचं नसतं. पहिला मान शेजाऱ्यांचा, आणि वहिनी सगळ्यांच्या आधी पोचल्या. आमची सगळी चाळ त्या चार दिवसांत काळोखात बसलेली. मला अभिमान वाटला होता. तुला म्हणालोही, "बघ, एक दिवा नाही." तू म्हणालास, "हो, बघतोय."

आणि मग आगमनाचा पहिला रविवार आला आणि तू कामट्या तासायला बसलास.

मी विचारलं, "यंदाही?"

"यंदाही म्हणजे? यंदा रविवार नाहीत का?"

"अरे, पण चाळीने दिवाळीला..."

"दिवाळीला मी तुमच्याबरोबर अंधारात बसलो, गजा. आता नाताळात तुम्ही माझ्याबरोबर उजेडात बसा. हिशेब सोपा आहे."

मी पेपर उघडला.

दुसऱ्या रविवारी तू बांधत होतास आणि मी हंगेरीतल्या लोकांचं वाचत होतो, बर्फातून सरहद्द ओलांडून पळणाऱ्यांचं. तू सुतळीची गाठ दातांत धरून ऐकत होतास. गाठ मारून झाल्यावर म्हणालास, "यांना कोणी जागा दिली का रे?" मी म्हटलं, ऑस्ट्रिया देतंय. तू म्हणालास, "बरं झालं." आणि मग तुझं ते नेहमीचं, जे मला तोंडपाठ होतं. की पहिल्या नाताळालाही बातम्या वाईटच होत्या. परक्या सरकारची शिरगणती, गरोदर बाई प्रवासात, जागा कुठे नाही, आणि वर राजाने लहान पोरं मारायला शिपाई सोडलेले. "तुझ्यासारखा कोणी पेपर वाचत बसला असता तर त्याला त्यात चांदणी दिसलीच नसती," असं म्हणून तू डोळा मारलास.

तुझं ते आठवडाभर डोक्यात घोळत राहिलं. तिसऱ्या रविवारी मी तयारीनिशी आलो. तू खळ ढवळत होतास. मी पाटावर बसण्याआधीच म्हणालो, "शांतवन, तुझ्या त्या गोष्टीत पुढे काय होतं? राजाचे शिपाई आले तेव्हा ते पोराला घेऊन कुठे पळाले?"

"मिसर देशात."

"मग मिसर म्हणजे इजिप्तच, तिथेच पोर्ट सैदला यंदा बॉम्ब पडले. आता कुठे पळणार? सांग."

तू ढवळायचा थांबलास. माझ्याकडे बघितलंस आणि इतका मोठ्याने हसलास की वहिनी बाहेर आल्या. "अगं, ऐकलंस का? रेडिओने मला पकडलं! वीस वर्षांत पहिल्यांदा पकडलं!" मग खळीने भरलेला पंजा माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणालास, "याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. पुढच्या रविवारी देतो. तोपर्यंत ही कामटी धर."

तिथे थांबलो असतो तर. मी तो दिवस तिथे थांबवून ठेवायचा प्रयत्न करतो, रोज करतो. तू हसतोयस, वहिनी दारात, हातात पळी. पण मी तिथे थांबलो नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि जिंकल्यावर माणसाने जे करू नये ते मी केलं, आणखी बोललो. म्हणालो, ते सोड, पण ही चांदणी तू गॅलरीच्या कडेला लावणार, तिचा उजेड सरळ खाली रखमामावशीच्या दारावर पडणार. पोरगा जाऊन वर्ष झालं नाही त्या बाईला. तिला काय वाटेल?

"तिला विचारलंस?" तू म्हणालास.

"अशा गोष्टी विचारायच्या असतात?"

"मग कशा ठरवायच्या असतात?"

आणि मी म्हणालो, "तुला काय रे. तुझा कोण गेलाय?"

वसंताला तू ब्रश धरायला शिकवला होतास. त्याच्या प्रेताबरोबर तू स्मशानापर्यंत आलास, अनवाणी, आणि परतल्यावर दोन दिवस शाळेत गेला नाहीस. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे मी अजाणता बोललो असंही म्हणता येत नाही.

तू पेपरची पट्टी फाडलीस, खळ लावलीस, कामटीवर गुंडाळलीस, अंगठ्याने दाबत टोकापर्यंत नेलीस. मग दुसरी. माझा पाय हलत होता. पाट वाजत होता, त्या दिवशी मला तो ऐकू येत होता. मी वाट बघत होतो की तू पंजा ठेवशील. नाही ठेवलास. सगळ्या पट्ट्या लावून झाल्यावर चांदणी खुंटीला टांगलीस आणि म्हणालास, "चला, जेवायची वेळ झाली." रागावून नाही. रागावला असतास तर बरं झालं असतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी तुला टाळलं. जिन्यात तुझी चाहूल लागली की आत जायचो. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना सांजपेपर घेतला. त्यात बातमी होती, परक्या फौजा पोर्ट सैद सोडून चालल्यात. शेवटच्या तुकड्या बोटींवर चढतायत. ट्राममध्ये उभ्याने मी ती दोनदा वाचली. मला इतका आनंद झाला होता, शांतवन. ते जग वाचल्याचा नव्हता, तुझ्या दारात जायला मला निमित्त मिळालं होतं. मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. "मास्तर, मिसर रिकामं होतंय. आता पळायला जागा आहे." तू हसला असतास. मग मी खाली मान घालून ते दुसरं म्हणालो असतो. किंवा नसतोही. बातमी वाचून दाखवणं हीच माझी माफी मागायची पद्धत होती, आणि तुला ती कळायची असं मी धरून चालायचो.

चाळीच्या फाटकाशी माणसं उभी होती. शाळेतून येताना जिन्यातच तुला घाम फुटला म्हणे. डॉक्टर आला तेव्हा संपलं होतं. मी पेपर हातात घेऊनच आत आलो. तुझ्या उशाशी बसलो तेव्हाही तो हातात होता. कमलने काढून घेतला.

शिवडीला तुला मातीत ठेवलं. आमच्याकडे जाळायची रीत. त्यामुळे मूठभर माती घेऊन मी उभाच राहिलो, केव्हा टाकायची ते कळेना. सगळ्यांनी टाकली, पाळकांची प्रार्थना झाली, माणसं वळली, तरी माझी मूठ मिटलेली. शेवटी सुमतीवहिनी म्हणाल्या, "भावोजी, सोडा." मी सोडली. त्यातली बरीचशी घामाने हातालाच चिकटून राहिली.

त्या रात्रीपासून मला एकच विचार. चांदणी. खुंटीला टांगलेली, पट्ट्या गुंडाळलेली, कागदाविना. चौथा रविवार परवावर. ती मीच पुरी करायची, माझ्याखेरीज कोणी नाही, आणि लवकरात लवकर करायची. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "लावायची. त्यांनी लावली असती." मला तेवढं बस झालं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. येतानाच लाल आणि पिवळा पतंगी कागद घेतला. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. किल्ली आमच्याकडेच असते. मी चांदणी आमच्या घरी आणली, कमलकडून खळ करून घेतली, भरपूर घट्ट, आणि कागद चिकटवायला बसलो. खळ वाळेना. मला दम निघेना. संध्याकाळच्या आत झाली पाहिजे, आजच लावली पाहिजे, असं काहीतरी डोक्यात बसलेलं, जणू उशीर झाला तर तू रागावशील. तू! मी शेगडी पेटवली आणि चांदणी तिच्यावर धरली.

पहिल्यांदा छान वाटलं. कागद ताणला गेला, टपटप आवाज यायला लागला. मग एक पाकळी फाटली. मग दुसरी. कामट्या तापून वाकल्या, सुतळी ढिली पडली, आणि खालच्या पट्ट्या, तुझ्या पट्ट्या, अंगठ्याने टोकापर्यंत दाबत नेलेल्या, सालीसारख्या सुटून निखाऱ्यात पडायला लागल्या. मी हाताने काढायला गेलो. बोटं भाजली. कमल धावत आली, तिने चांदणी ओढून बाहेर टाकली. तेव्हा तिचं एक टोक पार मागे वळलं होतं.

इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसलो. हातभर अंतरावर. आणि खळ सावलीत, वाऱ्यावर वाळवायची असते हे मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं. मी वाचत होतो.

वहिनी आल्यावर मी चांदणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, फिरवून पाहिली. त्यांच्या हातात ती केवढी हलकी दिसत होती. दोन पट्ट्या शाबूत होत्या, बाकी सगळं गेलं होतं. मला वाटलं आता त्या रडतील, आणि ते माझ्यामुळे असेल.

"शेगडीवर धरलीत होय?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"ह्यांनीही धरली होती एकदा. लग्नाच्या पहिल्या वर्षी. सासऱ्यांनी कान धरला होता." मग त्या हसल्या आणि हसता हसता तोंडाला पदर लावून आत गेल्या.

रविवारी सकाळी त्या देवळात जाऊन आल्या आणि मला हाक मारली. चटई त्यांनीच घातली होती. वाकलेली कामटी काढून टाकली, नवी मी तासली, त्यांनी सांगितलं तशी, स्वतःच्या अंगाकडे न तासता बाहेरच्या बाजूला. गाठी पुन्हा आवळल्या. खळ पातळ केली, चिमूटभर मोरचूद. मग पट्ट्या. "रद्दी आहे का?" मी विचारलं.

"ह्यांनी सगळी संपवली. तुमच्याकडे असेल की."

माझ्या काखेत त्या दिवशीचा पेपर होता. सवयीने आणलेला, घडी न मोडलेला. मी तो पाटाखाली सरकवायला गेलो. वहिनी बघत होत्या. मी घडी मोडली. मोठी अक्षरं दिसत होतीच, नजर गेलीच, नाही म्हणत नाही. मग मी तो उभा फाडला. पुन्हा फाडला. तुला सांगतो, उद्या जग बुडालं तर मला कळणार नव्हतं. पहिली पट्टी मी वाकडी लावली. दुसरी बरी झाली. तुझ्या दोन पट्ट्यांना मी हात लावला नाही. त्या जिथे आहेत तिथेच आहेत, उजवीकडच्या वरच्या टोकाला.

एका रविवारात दोन रविवारांचं काम करायचं होतं, पण वहिनींनी घाई करू दिली नाही. पट्ट्या वाळेपर्यंत बसायचं. मग कागद. मग पुन्हा बसायचं. कमल घरून चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. तिने सकाळीच करंज्या केल्या होत्या. दर वर्षी तुमच्या घरून आमच्याकडे येतात, यंदा त्या इकडून तिकडे गेल्या.

दुपारी रखमामावशी जिना चढून वर आली. गुडघ्यांनी ती वर येत नाही, तुला माहीत आहे. कठड्याला धरून उभी राहिली, चटईवरच्या चांदणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तरांची चांदणी अजून लावूक नाय?"

मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला त्रास होणार असेल तर..."

"माका कसलो त्रास? मास्तर माका इचारून गेल्ले. दिवाळेच्या दुसऱ्याच दिसा. म्हणाले, मावशी, लावू काय? मी म्हटलंय, लावा. माझ्या वसंताक आवडायची." तिने श्वास घेतला. "दिवाळेक तुमी सगळ्यांनी काळोख केल्यात. माका कोणी इचारल्यान नाय. चार दिवस मी काळोखात एकटी बसान होतंय."

एवढं बोलून ती कमलने सरकवलेल्या पाटावर बसली. आवाजात राग नव्हता. तिच्या नावाने आम्ही केलेला काळोख तिने आम्हाला परत दिला, एवढंच. आणि तुला हे सगळं माहीत होतं. "तिला विचारलंस?" म्हणालास तेव्हा तू स्वतः विचारून आलेला होतास. तसं सांगितलं असतंस तर माझं तोंड बंद झालं असतं. सांगितलं नाहीस. मला वाटतं, मी स्वतः जाऊन विचारावं म्हणून तू वाट बघत होतास. तुझं सगळंच वाट बघण्यावर.

सोमवारी संध्याकाळी चांदणी लावली. वायर तू जिथून घ्यायचास तिथूनच घेतली. बटण वहिनींनी दाबलं. लाल-पिवळा उजेड गॅलरीत पडला, कठड्यावरून खाली रखमामावशीच्या दारावर पडला. कागदाआडून पट्ट्यांवरची अक्षरं काळी, उलटसुलट दिसत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण समोरच्या गॅलरीत माणसं बाहेर येऊन उभी राहिली, आणि थोड्या वेळाने कोणीतरी त्या बाजूला दिवाळीत न लावलेला आकाशकंदील आणून टांगला. मग आणखी एकाने. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी दिवाळीचे कंदील! तू असतास तर काय काय बोलला असतास.

तुझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मिसरमध्ये बॉम्ब पडले तर कुठे पळायचं? फौजा गेल्या, पण कालवा अजून बंद आहे. हंगेरीत काय चाललंय ते आज सकाळीच वाचलं, ते चांगलं नाही. आपलं द्वैभाषिक तसंच आहे, निवडणूक येतेय, पुन्हा मोर्चे निघतील, आणि मी जाणार आहे, ते सुटणार नाही. पुढच्या रविवारी उत्तर देतो म्हणालास. ते उत्तर तुझ्याकडे खरंच होतं की मला गप्प करायला म्हणालास, हे मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं, तुझ्याकडे उत्तर नव्हतंच, चटई होती फक्त. आणि ते दुसरं, "तुझा कोण गेलाय", ते मी तुझ्यापुढे परत घेऊ शकलो नाही. आता मला कोणी तेच विचारलं तर सांगता येईल, माझा कोण गेला ते.

नाताळाच्या दुपारी मी पेपर घरी ठेवून तुझ्या गॅलरीत आलो. ठेवला हे खरं, पण वाचून ठेवला होता, खोटं कशाला सांगू. वहिनींनी पाट दिला. रखमामावशी आधीच येऊन बसली होती, करंजी मोडून खात होती. दिवसा चांदणीत उजेड नव्हता, नुसता कागद वाऱ्याने फुगत आणि बसत होता. मी त्याच्याकडेच बघत बसलो. बराच वेळ. मला वाटलं, जमतंय.

मग आतून वहिनींचा आवाज आला.

"भावोजी, पाय."

मी खाली पाहिलं. हलत होता. मी माझाच पंजा गुडघ्यावर ठेवला, त्या निळसर डागावर, आणि दाबून धरला.